पाखरांची खानेसुमारी

निपाणी, संकेश्वर, बेळगाव आणि तेथून खाली खानापूरपर्यंतच्या जुन्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. पूर्वी रानात पाखरे किती गात. आता कान देऊन बसले तरी चार आवाज मिळत नाहीत, असे वडीलधारी मंडळी सांगतात. गाणे शिकविणाऱ्या माणसाला ही तक्रार नवी नाही. पूर्वीसारखे गाणे राहिले नाही, हेही तो रोज ऐकत असतो. फरक एवढाच की, गाण्याच्या बाबतीत हा वाद मिटविण्याचे थोडेफार साधन हाताशी आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला, तेव्हापासूनचे पुष्कळ गाणे जपून राहिले आहे. तबकडी लावावी, ऐकावे आणि ज्याचे त्याने ठरवावे. पण खानापूरच्या रानातले एखादे इवलेसे गाणारे पाखरू शंभर वर्षांपूर्वी किती होते, याची तबकडी कोठून आणावी?

ती आहे, पण निराळ्या रूपात आहे. कोणीतरी स्थळ आणि तारीख घालून लिहून ठेवलेली यादी, हीच ती तबकडी. अशा याद्या करण्याची शिस्त आपल्या देशात ज्या गृहस्थांनी सारे आयुष्य वेचून लावली, त्या डॉ. सलीम अलींचे चरित्र आपल्यासारख्या संस्थानी गावच्या वाचकांनी थोड्या वेगळ्या नजरेने वाचण्याजोगे आहे. त्यांच्या विद्येलाही, गवयाच्या विद्येप्रमाणेच, उमेदीच्या काळात संस्थानिकांनी पोसले होते.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा घराण्यात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. मूल एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम या निपुत्रिक दांपत्याने या भाच्याला वाढविले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांच्या घरात बंदूक ही वस्तू पानदानाइतकीच सहज हाताला येई. मुलालाही खेळण्यातली छऱ्याची बंदूक मिळाली आणि त्याने चिमण्यांवर नेम धरायला सुरुवात केली.

अशाच नेमात एके दिवशी एक चिमणी पडली. ती नेहमीची घरचिमणी नव्हे, हे मुलाच्या ध्यानात आले, कारण तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामांना विचारले, त्यांना सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. वर्ष १९०८ च्या आसपासचे. दहा-बारा वर्षांचा पोर हातात मेलेली चिमणी घेऊन साहेबापुढे उभा राहिला, तेव्हा साहेबाने ती ओळखून तर दिलीच, शिवाय भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखविले. पुढे वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्याचे कातडे कसे काढून टिकवावे, हे शिकण्याची सोय लावून दिली. गुरू भेटणे म्हणजे काय, हे गाणाऱ्या घरांना वेगळे सांगायला नको. मिलार्ड यांनी त्या दिवशी कंटाळा केला असता तर पुढचे काहीच घडले नसते, असे मला वाटते.

ही पिवळ्या गळ्याची चिमणी म्हणजे आपली रानचिमणी. नराच्या खांद्यावर तांबूस पट्टा, पंखांवर पांढऱ्या रेघा, गळ्यावर तो हळदीचा ठिपका. दाट ओल्या जंगलात ती सहसा राहात नाही; विरळ, कोरडे रान आणि शेताच्या बांधावरची मोठी झाडे तिला मानवतात. झाडाच्या ढोलीत ती घरटे करते. तवंदीचा घाट उतरून निपाणीच्या तंबाखूच्या रानांकडे येताना दिसतो, तसलाच मुलूख तिचा. कोल्हापूर-बेळगाव हमरस्ता चौपदरी करताना कडेची जुनी झाडे गेली. त्यांच्याबरोबर ढोल्याही गेल्या, आणि ढोल्यांतले भाडेकरू कोठे गेले, याची चौकशी रस्त्याच्या हिशेबात येत नसते.

शाळेत सलीम यांचे फारसे चमकले नाही. डोकेदुखीने ते हैराण असत. १९१३ साली कसेबसे मॅट्रिक झाले. कॉलेज अर्ध्यावर टाकून ब्रह्मदेशात तवॉय येथे घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यापारात गेले. व्यापार बेताचाच झाला. तिथल्या रानात पक्षी पाहणे मात्र जोरात चालले. १९१७ साली परत आल्यावर हिशेबनीसी शिकत असतानाच सेंट झेवियर कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी प्राणिशास्त्राचे धडे घेतले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला. पदवी नसल्यामुळे झूऑलॉजिकल सर्व्हेतील पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये दरमहा ३५० रुपयांवर प्रेक्षकांना प्राणिविभाग समजावून सांगण्याची नोकरी मिळाली, आणि दोनेक वर्षांत तिचाही कंटाळा येऊन ते रजा घेऊन जर्मनीस गेले.

बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान हे त्यांना खरे गुरू लाभले. पक्ष्याचे वर्णन करून, नाव देऊन, खणात ठेवून दिले की शास्त्र संपले, ही त्या काळची सर्वसाधारण समजूत. जिवंत पक्षी रानात काय करतो, कोठे राहतो, कोणत्या ऋतूत किती दिसतो, हे पाहण्याकडे श्ट्रेझमान यांचा ओढा होता. हेलिगोलंड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचे प्रवास शोधण्याचे काम सलीम अलींनी तेथेच पाहिले. १९३० साली मायदेशी आले तो म्युझियमने पैशांअभावी त्यांची जागाच रद्द केलेली. वय तेहतीस, हाती नोकरी नाही, पदवी नाही.

मग हे जोडपे अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तेथे घराजवळ बाया पक्ष्यांची वसाहत होती. आपण मराठीत त्याला सुगरण म्हणतो आणि त्या टांगत्या घरट्याचे सारे श्रेय मादीला देतो. सलीम अलींनी शिडी लावून महिनोन् महिने पाहिले. घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडले की ती आत शिरते, अंडी घालते, आणि नर लगेच दुसरे घरटे सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. किहीमच्या त्या बेकारीच्या पावसाळ्याने त्यांचे नाव पक्षिशास्त्रात गाजविले.

बेकारीवरचा कायमचा तोडगा मात्र त्यांनी काढला तो असा. ब्रिटिश हिंदुस्थानच्या पुष्कळशा मुलखांत इंग्रज अंमलदारांनी हौसेने पक्ष्यांच्या याद्या केल्या होत्या. संस्थानांच्या मुलखांत तसे फारसे कोणी फिरले नव्हते. सलीम अलींनी नॅचरल हिस्टरी सोसायटीमार्फत दरबारांना कळविले की, मी तुमच्या राज्यातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी करतो. मला पगार नको, मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च तेवढा सोसावा. १९३१ मध्ये निजामाच्या हैदराबादपासून सुरुवात झाली. १९३३ मध्ये त्रावणकोर-कोचीन, मग भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, १९३९-४० मध्ये म्हैसूर, पुढे कच्छ. बैलगाडी, तंबू, कंदील, कातडी सोलण्याची हत्यारे आणि तेहमिनाबाई. त्या नुसत्या सोबतीला नसत. तळ उभारणे, माणसे सांभाळणे, हिशेब ठेवणे हे सारे त्यांच्याकडे असे.

माझे वडील दरबारी गायक. त्यामुळे दरबार विद्येला काय देतो आणि काय देत नाही, याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या आहेत. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी कोल्हापुरात ठेवून घेतले म्हणून त्या गायकीची मुळे येथे धरली. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईस निघून गेले. दरबारची मर्जी म्हणजे वळवाचा पाऊस. सलीम अलींनी त्या पावसाचे पाणी अडविले, असे म्हणता येईल. प्रत्येक संस्थानातून त्यांनी जे नेले ते छापून काढले. कोणता पक्षी कोणत्या गावी, किती उंचीवर, कोणत्या तारखेला, एकटा की थव्याने, विणीत होता की नव्हता, पोटात काय सापडले, गात होता की मुका, हे सर्व नोंदलेले. हैदराबादच्या अहवालासाठी पंजाबात पोलीस अंमलदार राहिलेले आणि विलायतेस परतलेले ह्यू व्हिसलर यांची मदत झाली. या व्हिसलरसाहेबांची चूक तरुण सलीम अलींनी पूर्वी छापून दाखविली होती आणि साहेब रागावले होते. नंतर पुन्हा तपासून त्यांनी ती मान्य केली आणि दोघांची मैत्री जमली ती कायमची.

त्या पाहण्यांत पुष्कळ पक्षी मारले गेले, हे लपविण्याचे कारण नाही. त्यांनीही लपविले नाही. दुर्बिणी बेताच्या आणि चित्रांची पुस्तके नाहीत, अशा काळात ओळख पक्की करायला पक्षी हातात असावा लागे. मला हे वाचताना जड जाते. पण ती कातडी सोसायटीच्या खणांत चिठ्ठ्यांसकट आहेत, आणि आज वाद पडला की निवाडा तेथेच होतो.

आता आपल्या सीमाभागाकडे वळू. म्हैसूरची पाहणी म्हैसूर संस्थानापुरती होती. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. चंदगडही त्याच जिल्ह्यात. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, चंदगड कोल्हापूरकडे आले आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, तो कडवट इतिहास आपल्या वाचकांना सांगावयास नको. पाखरांच्या याद्या मात्र जुन्याच हद्दींत राहिल्या. आपल्या मुलखाच्या अशा दोन नोंदी विशेष आहेत. पहिली कॅप्टन बटलर या बेळगावच्या पलटणीतील अंमलदाराची. मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागातील पक्ष्यांची त्याची यादी १८८१ साली स्ट्रे फेदर्स या नियतकालिकात आली. ते नियतकालिक चालविणारे ॲलन ह्यूम म्हणजे पुढे १८८५ साली काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेणारे तेच ह्यूम. पक्ष्यांच्या अंड्यांचा आणि कातड्यांचा त्यांच्याएवढा संग्रह तेव्हा आशियात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. दुसरी नोंद वॉल्टर केल्झ या अमेरिकन संग्राहकाची. खानापूर तालुक्यातील लोंढ्याच्या आसपासच्या पक्ष्यांवरील त्याचे टिपण १९४२ साली मुंबईच्या सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सलीम अलींनी सारे आयुष्य दिले ती हीच सोसायटी, आणि केल्झच्या टिपणाच्या आगेमागेच म्हैसूरचा अहवालही तिच्याच पानांवर येत होता.

लोंढ्याची यादी इतकी मोलाची का, हे त्या वाटेने गेलेल्याला कळेल. निपाणीला काळी माती आणि उघडे माळ. बेळगाव ओलांडून पश्चिमेला वळले की काही कोसांत पाऊस कितीतरी पटींनी वाढतो आणि खानापूर, लोंढा, कॅसलरॉक या ओळीने सह्याद्रीचे दाट रान सुरू होते. तेथे गाणारी पाखरे अगदी निराळी. श्यामा, निळा माशीमार, शिंजीर, आणि ओढ्याकाठी माणसाने रमतगमत शीळ घालावी तसा गाणारा शीळकरी कस्तूर. हा कस्तूर कोणताही राग गात नाही, पण स्वर लावायला चाचपडतो, सोडतो, पुन्हा धरतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्याचे उदाहरण देतो. अशा रानात पक्षी डोळ्यांना क्वचितच दिसतो. मोजायचा तो कानाने. त्यामुळे छोट्या रानपाखरांची संख्या हा तज्ज्ञांनाही अवघड विषय: पानांआडचे पाखरू गप्प असेल तर ते तेथे नाही असे म्हणता येत नाही, आणि वीण नसलेल्या महिन्यात गेले तर भरलेले रानही रिकामे वाटते. म्हणूनच एका वर्षाच्या, एका माणसाच्या आठवणीवर काही ठरत नाही. वर्षानुवर्षे, त्याच ऋतूत, त्याच जागी कान द्यावा लागतो.

१९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिनाबाई वारल्या. अपत्य नव्हते. सलीम अली मुंबईत बहीण आणि मेहुणे यांच्या घरी राहावयास गेले आणि त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. सामान्य माणसाला घरच्या अंगणातले पाखरू नावाने ओळखता यावे, ही सोय त्या पुस्तकाने केली. हौशी निरीक्षकांची जी मोठी फौज पुढे उभी राहिली, तिचे मूळ मला त्यांच्या थोर शास्त्रीय ग्रंथांपेक्षा या पुस्तकात दिसते.

मग संस्थाने गेली. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, तशीच बाकीचीही. गवयांना रेडिओने थोडा आधार दिला. नॅचरल हिस्टरी सोसायटीची तर बंद पडण्यापर्यंत पाळी आली होती. सलीम अलींनी पंडित नेहरूंना लिहिले आणि सरकारी मदत मिळवून ती तगविली. १९५७ साली शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात माकडतापाची साथ आली, तेव्हा उत्तरेकडून येणारे पक्षी हा रोग आणीत असतील काय, अशी शंका निघाली. त्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम त्यांनी उभे केले. हाच ताप पुढे २०१५-१६ च्या सुमारास आपल्या शेजारी सत्तरी आणि दोडामार्गपर्यंत आला, म्हणून हे येथे नमूद करतो.

सिडनी डिलन रिप्ली यांच्यासह भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. गेटी पारितोषिकाचे ५० हजार डॉलर मिळाले ते त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला दिले. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे तळे आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे रान वाचले, त्यात त्यांच्या शब्दाचे वजन होते. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली आणि त्याच वर्षी आत्मचरित्र आले. त्याच्या नावातही ती पडलेली चिमणी आहे. २० जून १९८७ रोजी मुंबईत नव्वदाव्या वर्षी ते वारले. गोव्यात चोडणच्या खारफुटीतले पक्षी-अभयारण्य आणि कोइमतूरची पक्षिशास्त्राची संस्था यांना त्यांचे नाव आहे.

त्यांच्या याद्यांचे पुढे काय झाले, हा खरा प्रश्न. २००९ साली केरळातील निरीक्षकांनी १९३३ ची त्रावणकोर-कोचीनची पाहणी हातात घेतली आणि पाऊणशे वर्षांनी त्याच मुक्कामांवर, वर्षाच्या त्याच दिवसांत ते पुन्हा गेले. दरबारच्या पैशाने केलेली ती नोंद नसती, तर त्यांना तुलना कशाशी करता आली असती? देशभराचा हिशेबही आता होऊ लागला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात ३० हजारांवर निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी तपासल्या गेल्या. पद्धत सोपी आहे: शंभर याद्यांपैकी किती याद्यांत अमुक पक्षी आला, हे प्रमाण वर्षागणिक पाहावयाचे. पंचवीस-तीस वर्षांचा कल ज्यांच्याबाबत सांगता आला अशा ३३८ जातींपैकी २०४ घटलेल्या, ९८ स्थिर आणि ३६ वाढलेल्या निघाल्या. किडे खाणारे आणि एकाच प्रकारच्या रानावर अवलंबून असणारे पक्षी अधिक घटले. कोठेही जमवून घेणारे तगले. मोर तर पुष्कळ वाढला. त्याआधीच्या २०२० च्या अहवालाने सह्याद्रीतच आढळणाऱ्या जातींच्या एकत्रित प्रमाणात २००० सालापासून सुमारे ७५ टक्के घट दाखविली होती.

तेव्हा वडीलधाऱ्यांची तक्रार अगदीच स्मरणरंजन नाही. पण देशाचा आकडा म्हणजे खानापूरचा आकडा नव्हे. खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानाला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथील श्यामा किंवा कस्तूर यांचे काय झाले, हे तेथे कान देऊनच कळेल, आणि मागचे माप म्हणून १८८१ ची बटलरची यादी आणि १९४२ चे लोंढ्याचे टिपण तयार आहे. बेळगाव-निपाणीकडे चांगल्या कानाची माणसे कमी नाहीत. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा. पाखरांचे आवाज ओळखू लागलेली काही तरुण मुले माझ्याही वर्गात आहेत. त्यांना मी सांगितले आहे की, वळीव पडून ओढे वाहू लागले की कस्तूर पहाटेच्या काळोखात गाऊ लागतो. तेव्हा लोंढ्याला उतरावे, आणि वहीत आधी तारीख घालावी.